नमुना कुणाचा, आणि तो मागतंय कोण?

जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं एक महत्त्वाचा आदेश दिला. बारा वर्षांच्या एका मुलाची डीएनए चाचणी करा, असं कौटुंबिक न्यायालयानं २०२० साली सांगितलं होतं. खंडपीठानं ते रद्द केलं. नवऱ्याचा आरोप बायकोच्या चारित्र्यावर होता. मूल आपलं नाही, असं त्यानं म्हटलेलंच नव्हतं. बायकोवर व्यभिचाराचा आरोप केला एवढ्यावरून मुलाची चाचणी करता येत नाही, आणि आईबाप भांडत असतात तेव्हा मुलाच्या हक्कांची राखण न्यायालयानंच करायची असते, असा त्या आदेशाचा सूर होता.

कोर्टाच्या आवारात यावर बरीच चर्चा झाली. ‘चाचणीतून खरं तेच बाहेर येणार, मग घाबरायचं कशाला?’ हा प्रश्न मी तरुण वकिलांकडून ऐकला, पक्षकारांकडून तर नेहमीच ऐकते. प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. मी नागपुरात कौटुंबिक प्रकरणं चालवते. पोटगी, मुलांचा ताबा, घटस्फोट. चाचणी डीएनएची असो की व्यसनाची, तिच्या विरोधात मी अजिबात नाही. कित्येक बायांच्या हातात चाचणीशिवाय दुसरा पुरावाच नसतो. माझं म्हणणं एवढंच आहे की अहवाल न्यायालयात टिकावा म्हणून जी शिस्त पाळावी लागते, तीच शिस्त घरातल्या सगळ्यात दुबळ्या माणसाला वाचवते. ती टाळून गुपचूप केलेली चाचणी मुलाला उघड्यावर टाकते. म्हणून गुपचूप चाचणीची वाट बंद व्हावी आणि न्यायालयातून जाणारी वाट गरिबाला परवडेल, वेळेत संपेल अशी व्हावी. आज उलटं चाललंय. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याच्या घरी कुरिअरनं किट येतं, आणि जिला चाचणीची खरी गरज आहे ती तारखांमागून तारखा घेत बसते.

न्यायालयाच्या आदेशावरून नमुना कसा घेतात, ते आधी सांगते. आई, मूल आणि पुरुष, तिघंही डॉक्टरांसमोर हजर असतात. प्रत्येकाची ओळख पटवली जाते. फॉर्मवर फोटो चिकटवतात आणि सही अशी घेतात की अर्धी फोटोवर येईल, अर्धी कागदावर. मग अंगठ्यांचे ठसे. लहान मुलाचा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवायचा तर आधी आईला त्याची मूठ उघडावी लागते, कारण मुलं अशा वेळी मूठ गच्च आवळून धरतात. रक्त घेतलं की कुपीवर नाव, तारीख, वेळ लिहायची. सगळ्यांच्या देखत सील करायचं. कुपी कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली याची प्रत्येक टप्प्यावर नोंद ठेवायची. नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत नमुना पोचला की आधी सील शाबूत आहे का, कागदावरच्या सीलशी जुळतं का, हे तपासतात. यंत्राची पाळी त्यानंतर येते.

यंत्राबद्दल मला शंका नाही. आपल्या डीएनएत काही ठरावीक जागी छोटे तुकडे पुन्हा पुन्हा येतात, आणि ते किती वेळा येतात हे माणसागणिक वेगळं असतं. आजच्या पद्धतीत अशा वीसेक जागा तपासल्या जातात. प्रत्येक जागी मुलाकडे एक वाटा आईकडून आलेला असतो, एक बापाकडून. आईचा वाटा बाजूला काढला की उरलेला या पुरुषाशी जुळतो का, ते दिसतं. एखाद्या जागी फरक पडला तर ते नैसर्गिक बदलामुळेही असू शकतं, म्हणून एका जागेवरून कुणाला वगळत नाहीत. अनेक जागी फरक दिसावा लागतो. सगळ्या जागा जुळल्या तर संभाव्यता ९९.९९ टक्क्यांच्याही वर जाते. एकसारखी जुळी भावंडं सोडली तर या उत्तरात फारशी पळवाट राहत नाही.

पण नमुना कुणाचा, हे यंत्राला कळत नाही. गालाच्या आतून फिरवलेली काडी पाकिटात घालून त्यावर ‘वडील’ लिहिलं, की यंत्राच्या लेखी तो माणूस वडील. ती काडी मित्राच्या गालातून फिरवली असेल तर अहवाल शास्त्रीयदृष्ट्या शंभर टक्के बरोबर येईल आणि घर उद्ध्वस्त करील. मायलेकरांना घराबाहेर काढायचंच ठरवलेल्या माणसाला एवढी फसवणूक अवघड नाही. म्हणून ओळख, ठसा, सील, नोंद या गोष्टींना कारकुनी समजू नये. अहवालावर विश्वास ठेवायचा तो याच आधारावर.

खासगी प्रयोगशाळांच्या जाहिरातींत दोन प्रकारच्या चाचण्या असतात. एक ‘मनाच्या समाधानासाठी’, दुसरी ‘कोर्टात चालणारी’. दुसरीत प्रयोगशाळेचा माणूस येऊन ओळखपत्र बघतो, फोटो काढतो, सह्या घेतो. पक्षकारांना वाटतं, जास्त पैसे भरले, आता हा कागद कोर्टाला मानावाच लागेल. तसं काही नसतं. सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेच्या ठरावीक अधिकाऱ्यांचा अहवाल फौजदारी कामकाजात तज्ज्ञाला साक्षीला न बोलावताही वाचता येतो. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २९३ होतं, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३२९ आहे. खासगी प्रयोगशाळेला ती सोय नाही. तिथल्या तज्ज्ञाला पिंजऱ्यात यावं लागतं, उलटतपासणीला सामोरं जावं लागतं. प्रयोगशाळेला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का, तीही नेमकी याच चाचणीसाठी आहे का, हे विचारलं जातं. कौटुंबिक न्यायालयाचं मात्र वेगळं आहे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम १४ सांगतं की वाद मिटवायला मदत होईल असा कुठलाही अहवाल किंवा कागद न्यायालय बघू शकतं, एरवी पुराव्याच्या कायद्यात तो बसत नसला तरी. हे कलम चांगल्या हेतूनं आलं, कारण घरातल्या भांडणांना साक्षीदार आणि पावत्या नसतात. पण याच मोकळ्या दारातून, आईला न विचारता मुलाच्या गालातून काढलेल्या काडीचा अहवालही आत येऊ पाहतो.

जुलै २०२५ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं नवराबायकोत चोरून केलेलं फोनचं रेकॉर्डिंग वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालेल, असं म्हटलं. त्या निकालानंतर काही जणांनी मला विचारलं, की मग चोरून केलेला डीएनए का नको? मला यात मूलभूत फरक दिसतो. फोनवर जे बोलले ते दोघंही खटल्यात पक्षकार आहेत. आपलं म्हणणं ते मांडू शकतात, नाकारू शकतात, संदर्भ देऊ शकतात. मुलाचा नमुना तिसऱ्याच माणसाचा असतो. त्याला वकील नाही, त्याची बाजू नाही, आणि निकालाचं ओझं मात्र आयुष्यभर त्याच्याच डोक्यावर. शिवाय रेकॉर्डिंग फार तर एखाद्या दिवसाचं बोलणं सांगतं. डीएनए मुलाचं सगळं कूळ उघडं करतो. मुलाचा ब्रश, केसांची मुळं, कापलेली नखं पाकिटात भरून पाठवणारा बाप स्वतःच्या संशयाचं समाधान करून घेत असेल, पण जे त्याचं नाही ते तो परस्पर दुसऱ्याच्या हाती देतोय.

हे थांबवणारा थेट कायदा आपल्याकडे नाही. डीएनए तंत्रज्ञान नियमन विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं, संसदीय समितीनं २०२१ मध्ये अहवाल दिला, आणि जुलै २०२३ मध्ये सरकारनं ते विधेयक मागे घेतलं. त्यातल्या गुन्हेगारांच्या डेटा बँकेला विरोध झाला, तो योग्यच होता. पण त्याच विधेयकाच्या अनुसूचीत पितृत्वाचे वादही होते, प्रयोगशाळांना मान्यता घेण्याचं बंधन होतं, तेही सोबत गेलं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मुलाच्या माहितीसाठी पालकाची संमती लागते. इथं तर संमती देणारा पालकच मुलाच्या विरोधात उभा असतो. आईबापात वाद असताना एकट्या पालकाच्या सहीवर मुलाचा नमुना घ्यायला प्रयोगशाळांना मनाई हवी, आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय अल्पवयीन मुलाच्या पितृत्वाची चाचणी केली तर दंड हवा. एवढं एका छोट्या कायद्यातही करता येईल.

‘चाचणीतून खरं तेच बाहेर येणार’ असं म्हणतात, आता त्या ‘खऱ्या’कडे वळते. पुराव्याच्या कायद्यात १८७२ पासून एक कलम आहे, तेव्हाचं ११२ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमातलं ११६. वैध लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यापासून २८० दिवसांच्या आत आणि आईनं दुसरं लग्न केलेलं नसताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच, हा निर्णायक पुरावा. अपवाद एकच: गर्भधारणेच्या काळात नवराबायकोची भेटच होऊ शकत नव्हती, हे सिद्ध झालं तर. डीएनएचं नावही नव्हतं तेव्हाचा हा नियम आजही का ठेवायचा, असं पुष्कळांना वाटतं. नियम मुलासाठी आहे. मोठ्यांच्या भांडणात मुलाचं नाव, घर आणि वारसा पणाला लागू नये म्हणून कायद्यानं एक भिंत बांधली. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की रक्ताची चाचणी ऊठसूट मागता येणार नाही, आधी प्रथमदर्शनी ठोस आधार दाखवावा लागेल, आणि कुणाचंही रक्त बळजबरीनं काढता येणार नाही. २००३ मध्ये वैद्यकीय तपासणीचा आदेश देण्याचा न्यायालयाचा अधिकार मान्य झाला. हात धरून रक्त काढायचं नाही, पण विनाकारण नकार दिला तर त्याचा प्रतिकूल अर्थ काढता येतो.

या भिंतीला मोठं भगदाड पडलं ते आपल्याच प्रयोगशाळेच्या अहवालावरून. पोटगीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नागपूरच्या प्रयोगशाळेत चाचणी झाली. पुरुष बाप नसल्याचं निघालं. पत्नीनं शंका घेतली म्हणून हैदराबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेत पुन्हा चाचणी झाली. तिथंही तेच उत्तर. जानेवारी २०१४ मध्ये न्यायालय म्हणालं की कायद्याचं गृहीतक आणि जगानं मान्य केलेलं विज्ञान यांत संघर्ष असेल तर विज्ञान वरचढ ठरेल. मुलीची पोटगी थांबली; आधी दिलेली परत घ्यायची नाही, एवढी दया दाखवली. निकाल तर्काला धरून होता, त्या पुरुषाच्या दृष्टीनं न्याय्यही असेल. पण निकालपत्र वाचताना मला त्या मुलीचाच विचार पडतो. तिचं शिक्षण, आजारपण, नाव यांचं पुढं काय, याचं उत्तर त्या निकालात नाही. खऱ्या बापाला शोधून त्याच्यावर जबाबदारी टाकण्याची कुठलीही यंत्रणा कायद्यानं सोबत जोडलेली नाही. म्हणजे उत्तर आलं आणि मुलाचा एकमेव आधार गेला. चाचणीला माझा विरोध नाही, पण चाचणीनंतर मुलाचं काय हे न ठरवता आदेश देण्याला आहे.

२०२३ च्या निकालानं तोल बराच सावरला. पुण्याच्या प्रकरणात नवऱ्यानं खासगी प्रयोगशाळेचा अहवाल आधीच मिळवला होता आणि त्याच्या जोरावर मुलाच्या चाचणीचा आदेश मागितला. सर्वोच्च न्यायालयानं नाही म्हटलं. बायकोचा व्यभिचार सिद्ध करायचा तर इतर पुरावे आणा, मुलाला त्याचं साधन करू नका. आपलं औरसपण कुणी उगाच न्यायालयात ओढू नये, हा मुलाचाही हक्क आहे. नागपूर खंडपीठाचा २०२५ चा आदेश त्याच वाटेवरचा आहे आणि मला तो मनापासून पटतो.

पण इथं थांबले तर माझं म्हणणं अर्धवट राहील. ही भिंत लग्नाच्या आतल्या मुलाला वाचवते. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाला ती काहीच देत नाही.

विदर्भात हा प्रश्न काय आहे ते नागपुरात बसून विसरता येत नाही. यवतमाळच्या झरी-जामणी भागातल्या आदिवासी कुमारी मातांबद्दल वर्षानुवर्षं बातम्या येतात, समित्या जातात, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात. बाहेरून आलेला कंत्राटदार, ट्रकवाला, मोठा शेतकरी लग्नाचं वचन देतो आणि मूल झालं की ओळखच दाखवत नाही. कायदा त्या मुलाच्या बाजूनं आहे. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजे पूर्वीचं १२५, अनौरस मुलालाही बापाकडून पोटगी देतं. सिद्ध करायचं ते एवढंच, की बाप हाच. आणि नेमकं हेच तिला शक्य नसतं. पत्र नाही, फोटो नाही, साक्ष द्यायला गावात कुणी तयार नाही. अशाच एका बाईनं मला सांगितलेलं वाक्य अजून कानात आहे: “मॅडम, माझं रक्त काढा, पोराचं काढा, त्याचं बी काढा. होऊन जाऊ द्या ना एकदाचं.” त्या चाचणीसाठी तिनं किती तारखा घेतल्या असतील! पुरुष हजर होत नाही, आदेश होतो, नमुना घ्यायची तारीख ठरते, तो पुन्हा येत नाही. तोवर मूल शाळेत जायला लागतं.

त्यामुळे मला चाचणी चांगली की वाईट हा प्रश्नच चुकीचा वाटतो. विचारायचं ते हे, की चाचणी मागतंय कोण आणि कुणासाठी. नवरा बायकोला दोषी ठरवायला मुलाचा नमुना मागतो, तेव्हा न्यायालयानं अगदी शेवटचा उपाय म्हणूनच हो म्हणावं. आई मुलाच्या पोटासाठी मागते तेव्हा पहिल्या तारखेलाच आदेश व्हावा. आणि मूल मोठं होऊन स्वतः विचारतं, तेव्हा? उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडचे माजी मुख्यमंत्री नारायण दत्त तिवारी यांच्या बाबतीत हेच झालं. मुलानं स्वतः दावा लावला. तिवारी नकार देत राहिले, शेवटी २०१२ मध्ये त्यांचं रक्त घेतलं गेलं आणि जुलैमध्ये ते बाप असल्याचा अहवाल आला. आई दुसऱ्याशी विवाहित होती, तरी मुलाच्या रक्षणासाठी असलेलं कलम मुलाच्याच विरोधात ढाल म्हणून वापरता येणार नाही, अशी दिल्ली उच्च न्यायालयाची भूमिका होती. जानेवारी २०२५ मध्ये मात्र केरळमधल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सज्ञान मुलाची अशीच मागणी नाकारली. आईचं लग्न टिकून होतं, नवराबायकोची भेट अशक्य होती असं सिद्ध झालं नव्हतं, आणि ज्याच्यावर बाप असल्याचा दावा होता त्याची खासगीपणाची बाजूही न्यायालयानं मोलाची मानली. हा निकाल मला पटत नाही. सज्ञान मूल स्वतःच्या जन्माबद्दल विचारत असेल तर त्याच्या भल्याचं कारण देऊन त्याला अडवण्यात अर्थ नाही. आपलं औरसपण पणाला लावायचं की नाही हे त्याचं तो ठरवील.

व्यसनाच्या चाचण्यांकडे येते. डीएनएच्या मानानं याची चर्चा कमी होते, पण ताब्याच्या प्रकरणांत ही मागणी वाढते आहे, आणि नागपुरात तर घराघरात भीती आहे. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, पकडल्याच्या बातम्या शहरात सतत येतात. कॉलेजातल्या मुलाचे डोळे लाल दिसले की आईबाप ऑनलाइन पट्ट्या मागवतात आणि मुलाला बाथरूममध्ये पाठवतात. त्यांची भीती खोटी नाही. पण त्या पट्टीची भाषा त्यांना माहीत नसते. गरोदरपणाच्या चाचणीत दुसरी रेघ उमटली की निकाल ‘हो’ असतो. व्यसनाच्या पट्टीत उलट: रेघ उमटली, अगदी पुसट उमटली तरी ‘नाही’, आणि रेघ नसली तर ‘संशय’. पुसट रेघ बघून मुलाला पट्ट्यानं मारणारा बाप या शहरात नसेलच, असं मला म्हणवत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट अशी, की ज्या एमडीची भीती आहे ते या साध्या पट्ट्यांत बरेचदा सापडतच नाही. अँफेटामाइनच्या चाचणीत मेफेड्रोन नीट पकडलं जात नाही. स्टेशनच्या आसपास मुलं हुंगतात ते सोल्युशन आणि व्हाइटनर त्यात नसतं. चौकाचौकात घोटला जाणारा तंबाखू-सुपारीचा खर्राही नसतो. उलट खोकल्याच्या कोडीनवाल्या औषधानं अफूची चाचणी लागू शकते, म्हणजे ‘संशय’ दाखवू शकते. खसखशीतही मॉर्फिनचा अंश असतो. त्यामुळेच अमेरिकेनं १९९८ मध्ये कामाच्या ठिकाणच्या अफूच्या चाचणीत ‘संशय’ धरण्याची मर्यादा ३०० वरून २,००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर केली. बाजारातल्या पुष्कळ पट्ट्या अजून ३०० वरच आहेत, आणि आपल्या सावजी वाटणात खसखस असते. होळीला भांग घेतलेल्या माणसाचा अहवाल आणि गांजा ओढणाऱ्याचा अहवाल सारखाच दिसतो. लघवीत गांजाचा अंश क्वचित ओढणाऱ्याच्या बाबतीत दोनतीन दिवस टिकतो, रोजच्या व्यसनीच्या बाबतीत काही आठवडे. म्हणजे पट्टी लागली तरी कधी, किती, आणि त्या वेळी तो माणूस मूल सांभाळायच्या अवस्थेत होता का, हे ती सांगत नाही.

मग न्यायालयात काय टिकावं? पट्टी ही फक्त चाळणी. ती लागली की त्याच नमुन्याची मास स्पेक्ट्रोमेट्रीनं, म्हणजे नेमका पदार्थ ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतल्या यंत्रानं, खात्री करायची, दुसरा भाग सीलबंद राखून ठेवायचा, म्हणजे समोरच्याला फेरतपासणी मागता येईल. चालू औषधांची यादी आधी घ्यायची. यातलं एक जरी राहिलं तरी तो कागद मुलाच्या ताब्याचा निर्णय करण्याच्या लायकीचा नाही.

हे सगळं मी अतिसावधपणानं सांगते आहे असं वाटत असेल, तर कॅनडात काय झालं ते बघा. टोरांटोच्या नामांकित बालरुग्णालयातली मदरिस्क प्रयोगशाळा केसांवरून व्यसनाची चाचणी करायची. बालकल्याण यंत्रणा त्यावर विसंबून मुलांना आईबापांकडून काढून घेत होती, काही मुलं कायमची दत्तक गेली. २०१५ मध्ये स्वतंत्र चौकशीत आढळलं की २००५ ते २०१५ या काळातल्या त्या चाचण्या अपुऱ्या आणि बेभरवशाच्या होत्या. पुढे आयोगानं १,२०० हून जास्त प्रकरणं तपासली आणि २०१८ मध्ये सांगितलं की ५६ प्रकरणांत त्या चाचणीचा निकालावर मोठा परिणाम झाला होता. बहुतेकांना मुलं परत मिळाली नाहीत. नाव मोठं होतं, म्हणून वर्षानुवर्षं कुणी उलटतपासणीच घेतली नाही. यातली बरीच कुटुंबं गरीब होती.

आपल्याकडे यात आणखी एक धोका आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ प्रमाणे सेवन हाच गुन्हा आहे. ताब्याच्या भांडणात नवऱ्यानं बायकोचा किंवा बायकोनं नवऱ्याचा अहवाल कोर्टात लावला, तर तो उद्या पोलिसांपर्यंत जाऊ शकतो, आणि मग मुलाची आई किंवा बाप खटल्यात अडकेल. त्याच कायद्याचं कलम ६४ अ मात्र स्वखुशीनं सरकारमान्य ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून वाचवतं, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं व्यसनाला आजाराच्या कक्षेत घेऊन उपचारांची गोपनीयता दिली आहे. कौटुंबिक न्यायालयानं हाच धागा धरायला हवा. चाचणीचा आदेश उपचाराच्या आदेशासोबत निघावा. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवून, सहा महिन्यांत अधूनमधून होणाऱ्या चाचण्या आणि समुपदेशकाचं निरीक्षण एकत्र बघून ताब्याचं ठरवावं. एका दिवसाच्या लघवीवरून आई किंवा बाप नालायक ठरवू नये. आणि घरातल्या मुलाबद्दल शंका असेल तर पट्टी मागवण्याआधी १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन करावा.

डीएनएच्या बाबतीत माझ्या मागण्या अवघड नाहीत, आणि नागपूरला त्या आधी करून दाखवता येतील. खंडपीठ इथं आहे, प्रयोगशाळा इथं आहे. नमुना देण्यासाठी झरी-जामणीच्या बाईला मूल काखेत घेऊन नागपूरला यायला लावू नये. उपजिल्हा रुग्णालयात नमुना घेता यावा. त्यासाठी लागतो तो प्रशिक्षित डॉक्टर, शिक्के, फॉर्म आणि शीतपेटी. कौटुंबिक प्रकरणांच्या नमुन्यांची प्रयोगशाळेत वेगळी रांग असावी, कारण खून-बलात्काराच्या नमुन्यांसमोर पोटगीच्या नमुन्याचा नंबर लागत नाही. खर्च जिल्हा विधी सेवा प्राधिकरणानं करावा. १९८७ च्या कायद्यानं बायका-मुलांना मोफत विधी सहाय्य आहेच, त्यात चाचणीचा खर्च स्पष्ट लिहावा. अहवाल बंद पाकिटात न्यायाधीशांकडे यावा आणि त्यांच्या दालनात उघडावा. मुलासाठी स्वतंत्र वकील नेमावा, आईचाही नाही आणि बापाचाही नाही. आणि नमुन्याच्या तारखेला पुरुष गैरहजर राहिला, तर पुढची तारीख न देता त्याच दिवशी अंतरिम पोटगी लावावी. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम पोटगीचा अर्ज निकाली काढा, असं कलम १४४ आजही सांगतं.